98 म्हणजे 'माहीत नाही'

सार्वजनिक आरोग्य आणि सामाजिक धोरणावर काम करणाऱ्या एका विद्यापीठ विभागात मी आठ आठवडे रिसर्च इंटर्न होते. "अर्ज करू का?" असे मेसेज सारखे येताहेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

पहिल्या दिवशी हातात सर्वेक्षणाची फाइल आली. एक ओळ म्हणजे एक माणूस, एक रकाना म्हणजे एक प्रश्न. काम होतं डेटा साफ करायचं. उत्पन्नगटाच्या रकान्यात जागोजागी 98 दिसत होतं. आमच्या कोडबुकात, म्हणजे कोणत्या उत्तराला कोणता आकडा ते सांगणाऱ्या यादीत, 98 म्हणजे 'माहीत नाही'. मी त्या सगळ्या ओळी उडवल्या आणि दुपारपर्यंत फाइल मॅडमना दाखवली. त्यांनी एवढंच विचारलं, "ज्यांना काढलंस, ते कोण होते?"

मला सांगता येईना. ओळी परत आणल्या, एकेक वाचत बसले. रोज मिळेल ते काम करणारी माणसं, ज्यांना महिन्याचा आकडा सांगताच येत नाही. घरातला पैसा दुसऱ्याच्या हातात असलेल्या बायका. एकटे राहणारे म्हातारे. ज्यांच्यासाठी धोरण आखायचं, नेमके तेच मी पुसले होते.

वयाच्या रकान्यातही तसंच. 39 आणि 41 तुरळक, 40 मात्र ढीगभर. जन्मतारीख ठाऊक नसली की माणूस गोल आकडा सांगतो. हे मोजायला व्हिपल निर्देशांक आहे: 23 ते 62 वयोगटातल्या किती जणांनी 0 किंवा 5 वर संपणारं वय सांगितलं ते बघायचं. 100 आला तर असा कल नाही, 500 आला तर सगळ्यांनीच गोल आकडा सांगितला. सूत्र मला परीक्षेसाठी पाठ होतं. पण एका छापील प्रश्नावलीवर 'वय 60' च्या शेजारी मुलाखतकाराने पेन्सिलने लिहिलं होतं, 'थोरल्या मुलाच्या वयावरून अंदाज', आणि ते वाचल्यावर मला ते सूत्र खरं कळलं.

कोण सुटलं, हा प्रश्न मोठमोठ्या अभ्यासांनाही विचारावा लागतो. 1967 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला व्हाइटहॉल अभ्यास घ्या. सुमारे 18,000 सरकारी नोकरदार. हुद्दा जितका खालचा, तितकं मृत्यूचं प्रमाण जास्त, आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे धरूनही हा फरक पुरता उलगडत नव्हता. विषयाला वळण देणारं काम. पण त्या 18,000 मध्ये एकही स्त्री नव्हती! स्त्रिया आल्या 1985 च्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात.

आता मला खरं सांगायचंय ते. आमची इंटर्नशिप बिनपगारी होती. आम्हा पाच जणांतली एक मुलगी तिसऱ्या आठवड्यात सोडून गेली, कारण संध्याकाळच्या दोन नोकऱ्या आणि दिवसभर हे काम तिला झेपेना. उरलेल्या आम्हा चौघांचा खर्च घरून निघत होता. हे मला मुळीच पटत नाही. स्टायपेंड न देणारा विभाग गुणवत्ता निवडत नाही, तो परिस्थिती निवडतो. विषमतेवर संशोधन करणाऱ्यांनी तरी हे करू नये. त्याने संशोधनाचंच नुकसान होतं, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

तिच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नवी प्रश्नावली तपासत होतो. 'तुम्ही काय काम करता?' या प्रश्नाखाली एकच चौकट होती. आम्ही चौघांनी ती ठीक म्हणून सोडून दिली. ती म्हणाली, "तीन ठिकाणी थोडं थोडं काम करणाऱ्याने यात काय लिहायचं?"

तेव्हा अर्ज जरूर करा. पण आधी दोन गोष्टी विचारा: मानधन किती, आणि सर्वेक्षणाच्या एखाद्या तरी मुलाखतीला प्रत्यक्ष बसू देणार का.

त्या प्रश्नाखाली आता तीन चौकटी आहेत. अहवालाच्या आभारात आम्हा चौघांची नावं आली. तिचं नाही.