बर्सीच्या मैफलीत नेमकं काय घडलं?
‘पॅरिसमध्ये हजारो लोक खेटून नाचले, एकालाही कोरोना झाला नाही’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. २९ मे २०२१ रोजी पॅरिसच्या बर्सी भागातल्या अरेनात (बंदिस्त सभागृहात) झालेली ‘आंदोशीन’ या फ्रेंच रॉक बँडची मैफल हा वैद्यकीय प्रयोग होता. प्रेक्षक १८ ते ४५ वयाचे, आधीच्या तीन दिवसांत चाचणी निगेटिव्ह आलेले. अंतराची अट नव्हती, पण मास्क सक्तीचा होता आणि हवा खेळती ठेवली होती. नंतर तपासलेल्या ३,९१७ प्रेक्षकांत ८ जण बाधित निघाले. मैफलीला न पाठवलेल्या १,९४७ स्वयंसेवकांत ३. प्रमाण जवळपास सारखं, शून्य नव्हे. कित्येक महिने रंगमंचाला मुकलेल्या कलाकारांसाठी हा निकाल फार मोलाचा होता, म्हणूनच त्याची मोडतोड खटकते. विनामास्क, विनाचाचणी गर्दीबद्दल तो काहीच सांगत नाही.