मेट्रो की बस? आधी पौड रोड ओलांडून दाखवा

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत पुण्याच्या मेट्रोचं भांडण लागलंय. काका म्हणतो एवढे हजारो कोटी घालण्यापेक्षा त्यात नव्या बस आल्या असत्या, आतेभाऊ म्हणतो मग तू मंडईला गाडी घेऊन जा आणि पार्किंग शोधत बस, आणि शेवटी कुणीतरी मला टॅग करतंच, "तुमच्या हॉलंडला कसं आहे रे?" जसं काही मी इथला परिवहन मंत्रीच.

तर मी राहतो अ‍ॅमस्टरडॅमला चिकटलेल्या अ‍ॅमस्टलफेनला. तिकडे सगळं वेळेत होतं हे आधी डोक्यातून काढा. शहराच्या पोटातून जाणारी ५२ नंबरची मेट्रो, जेमतेम दहा किलोमीटर, काम सुरू झालं २००३ ला, धावायची होती २०११ ला आणि धावली २०१८ च्या जुलैत. मधे २००८ ला खोदकामाशेजारची जुनी घरं खचली, लोकांना बाहेर काढावं लागलं, खर्च तीन अब्ज युरोच्या वर गेला. बरं सुरू झाली तर त्याच दिवशी ट्राम आणि बसचे रूट बदलले, मग आमची ट्राम का काढली म्हणून लोकांची बोंब. पुण्यात भूमिपूजन २०१६ ला आणि पहिला टप्पा २०२२ ला, म्हणजे त्या मानाने आपलं बरंच म्हणायचं (काका, वाचतोयस ना).

स्वस्त तर अजिबातच नाही. ट्राममध्ये पाऊल टाकलं की एक युरोच्या वर नुसतं बेस भाडं, पुढे किलोमीटरप्रमाणे, आणि नवरा-बायको एका कार्डावर जाऊ म्हणाल तर तेही चालत नाही, माणशी वेगळं कार्ड.

पण उन्हाळ्यात आईबाबा आले होते. बाबा ७४ वर्षांचे, गुडघे गेलेले. कोथरूडला बसमध्ये चढणं त्यांनी केव्हाच सोडलंय, कारण बस स्टॉपला लागतच नाही, रस्त्याच्या मधेच उभी राहते, पहिली पायरी ही एवढी उंच आणि दुसरा पाय वर घ्यायच्या आत बस हललेली असते. वनाज मेट्रो स्टेशन घरापासून दहा-बारा मिनिटांवर, आत लिफ्ट, सरकते जिने, एकदम झकास, पण मधे पौड रोड ओलांडायचाय ना! त्यामुळे मेट्रोत एकदाच बसलेत, तेही मी सुट्टीवर होतो तेव्हा हाताला धरून नेलं म्हणून.

तेच बाबा इथे चौथ्या दिवशी मला न सांगता एकटे निघाले. सिग्नलचं बटण दाबलं, गाड्या थांबल्या, पलीकडे गेले. २५ नंबरच्या ट्रामची फरशी आणि प्लॅटफॉर्म एका पातळीत, पाय उचलायचं कामच नाही, हॉलमधून बेडरूममध्ये जावं तसे आत गेले. झाउद स्टेशनला उतरून ५२ नंबरची मेट्रो धरली, सेंट्राल स्टेशनच्या मागे गेले तर तिथे पाण्यापलीकडे जाणारी बोट फुकट! फुकट म्हटल्यावर तीन चकरा मारल्या. येताना चेकआउट करायला, म्हणजे उतरताना परत कार्ड टेकवायला विसरले, चार युरो गेले. "चारशे रुपये? एक टिक केलं नाही म्हणून?" हे पुढे दोन दिवस चाललं होतं.

म्हणून मला आता त्या मेट्रो की बस वादात इंटरेस्टच उरला नाहीये. स्टॉपची उंची, फूटपाथ, म्हाताऱ्या माणसाला पुरेल इतका वेळ देणारा सिग्नल, यावर ग्रुपवर कुणी भांडत नाही आणि यासाठी कुणी नारळही फोडत नाही. कितीही मोठी गाडी आणा, माझे बाबा तिच्यापर्यंत पोचणार कसे?

परवा फोनवर विचारलं, मेट्रोने गेलात का कुठे. म्हणाले, "जाईन की, पण आधी पौड रोडवर ती फुकटची बोट सुरू करायला सांग."