सरळ दात्यांचे गिअर घालण्याआधी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांत एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: 'पद्मिनी किंवा मारुती 800 च्या गिअरबॉक्समधले तिरप्या दात्यांचे गिअर काढून सरळ दात्यांचे घाला. ताकद वाढते, गिअर तुटत नाहीत, क्लच न दाबता बदलतात. उद्यमबागेत (बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत) कोणीही कापून देईल. तोटा एकच, थोडा आवाज.' यावर विसंबून लोक चालते गिअरबॉक्स उघडायला निघालेत. पद्मिनीचे अस्सल सुटे भाग आता सहज मिळत नाहीत, म्हणून हे उत्तर.

आधी ताकद. गिअर ताकद तयार करत नाही, इंजिनाने दिलेली पुढे पोचवतो. चांगल्या गिअरच्या एका जोडीत जेमतेम एक-दोन टक्के शक्ती वाया जाते, मग दाते तिरपे असोत की सरळ. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन सुमारे 40 अश्वशक्तीचं. त्यातून वाचून वाचणार किती? शिवाय पद्मिनीचा चौथा गिअर थेट असतो. त्यात पुढचा शाफ्ट मागच्या शाफ्टला सरळ जोडला जातो आणि इंजिनाचा जोर दात्यांच्या जोडीतून जातच नाही. हायवेवर धारवाडपर्यंत चौथ्यात जाणाऱ्याला नवे दाते कसली ताकद देणार?

'तुटत नाहीत' या दाव्यात मात्र थोडं तथ्य आहे, ते नीट समजून घ्यायला हवं. तिरप्या दात्यांवर जोर आला की गिअर शाफ्टच्या लांबीच्या दिशेने ढकलला जातो. दाता 30 अंश तिरपा असेल तर फिरवणाऱ्या जोराच्या सुमारे 58 टक्के जोर असा बाजूला जातो, आणि तो बेअरिंग आणि केसिंगला, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचाला, सोसावा लागतो. सरळ दात्यांत तो नसतोच. शर्यतीच्या गाडीत इंजिनाचा जोर मूळच्या कितीतरी पट वाढवलेला असतो, तिथे केसिंग ताणलं जातं, म्हणून तिथे सरळ दाते लागतात. इंग्लंडची मिनी हे त्याचं ठळक उदाहरण. 1959 साली अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्या खालीच, त्याच तेलात बसवला. 1964, 1965 आणि 1967 ची माँटे कार्लो रॅली जिंकणारी ती हीच गाडी, आणि शर्यतीच्या मिनीत सरळ दात्यांची चाल आजही आहे. पण दाता टिकतो तो धातू, रुंदी आणि हीट ट्रीटमेंटवर, सरळपणावर नाही. उलट तिरप्या गिअरमध्ये एका वेळी जास्त दाते भार वाटून घेतात. आपल्या गाडीच्या 40 अश्वशक्तीने केसिंग ताणलं जाण्याचा प्रश्नच येत नाही.

क्लच न दाबता गिअर पडणं हा डॉग गिअरबॉक्सचा गुण. तिथे सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवून घेणारा भाग, काढून मोठ्या दणकट खुंट्यांनी गिअर अडकवतात. दाते सरळ आणि सिंक्रो तसाच, अशीही जोडणी असते आणि तिला क्लच लागतोच.

आता उद्यमबाग. तिथल्या कारागिरांबद्दल मला मनापासून आदर आहे. हॉबिंग मशिनवर सरळ काय, तिरपे काय, दोन्ही दाते कापून होतात. अडचण वेगळी आहे. तेवढ्याच मोड्यूलचा (मोड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचं माप) आणि तेवढ्याच दात्यांचा तिरपा गिअर सरळपेक्षा मोठा होतो. 2 मोड्यूलचे 20 आणि 30 दात्यांचे सरळ गिअर घेतले तर दोन शाफ्टमधलं अंतर 50 मिलिमीटर. तेच दाते 30 अंश तिरपे असतील तर 57.7. केसिंगमधलं अंतर ठरलेलं असतं. म्हणजे नमुना दाखवून 'हाच सरळ करून द्या' म्हटलं तर दाते एकमेकांना भिडणारसुद्धा नाहीत. दात्यांची संख्या किंवा मोड्यूल नव्याने ठरवावं लागतं, ले-शाफ्टसह (समोरचे गिअर ज्यावर असतात तो जोडीचा शाफ्ट) अख्खा संच एकत्र बदलावा लागतो, वर केस हार्डनिंग, म्हणजे दात्यांचा पृष्ठभाग कडक करणं, आणि त्यानंतर ग्राइंडिंग. साध्या ईएन 8 पोलादात कापून बसवलेला गिअर फार काळ टिकत नाही.

आवाज 'थोडा' नाही. सरळ दाता पूर्ण रुंदीभर एकदम भिडतो. 20 दात्यांचा गिअर मिनिटाला 3000 फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला 1000 वेळा. रिव्हर्समध्ये गाडी जशी कण्हते, कारण बहुतेक गाड्यांत रिव्हर्सचे दाते सरळच असतात, तसा सूर पुढे जातानाही सतत. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत गोव्याला घरच्यांसोबत जाणाऱ्याने याचा विचार करावा. शर्यतीच्या संचात पहिला गिअर बहुधा उंच, म्हणजे जास्त वेगाचा पण कमी ओढीचा, असतो; घाटात चढावर थांबून गाडी उचलताना क्लच जळेल तो वेगळाच.

बहुतेकांची खरी तक्रार असते ती दुसरा गिअर उतारावर उडण्याची. ती झिजलेल्या सिंक्रो हबची, बेअरिंगच्या खेळाची किंवा गिअर जागेवर धरून ठेवणाऱ्या सिलेक्टरच्या स्प्रिंग-गोळीची असते. तेल काढून त्यात पितळी चुरा आहे का पाहा, शाफ्टचा खेळ मोजायला लावा, पितळी सिंक्रो रिंगा असतील तर जीएल-4 दर्जाचंच तेल भरा. आणि गाडी खरोखर शर्यतीची असेल, इंजिन तसं बांधलेलं असेल, तर पूर्ण संच, मापांच्या ड्रॉइंगसह, जाणकाराकडून करून घ्या.