ऐरोलीच्या खिडकीतून येणारा वास

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चालू आहे, समोरच्या ठाणे खाडीचा वास. ओहोटी लागली, वारा फिरला की खिडक्या लावाव्या लागतात हे खरं आहे. मीही लावते. पण काल एकाने लिहिलं, 'हा चिखल एकदाचा भरून टाकायला पाहिजे,' आणि त्यावर धडाधड अंगठे आले. क्रीक व्ह्यूचे जादा पैसे मोजून फ्लॅट घेतलेल्यांचेच! अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे गप्प बसवलं नाही.

खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या तिवराचं, म्हणजे खारफुटीच्या झाडाचं, पान गळतं. काही पानं खेकडे बिळात ओढून नेतात, काही भरतीबरोबर वाहून कोलंबी-बोईटांच्या पोटापर्यंत पोचतात, उरलेली गाळात पुरली जातात. हा गाळ कायम ओला, त्यामुळे वरचा पातळ थर सोडला तर आत ऑक्सिजन नाहीच. म्हणून तर तिवराची मुळं पेन्सिली उभ्या कराव्यात तशी चिखलातून वर डोकं काढतात. आतले जिवाणू मग समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर भागवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तोच तो सडक्या अंड्यांचा वास. असं कुजणं फार रेंगाळत चालतं. पान धड कुजलेलं नसतं तोवर त्यावर नवा गाळ बसतो, आणि पानाने हवेतून घेतलेला कार्बन शतकानुशतकं खालीच राहतो.

हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या किनाऱ्यांवरच्या 25 खारफुटी जंगलांची मोजणी 2011 साली प्रसिद्ध झाली. हेक्टरी सरासरी हजार टनांवर कार्बन निघाला, आणि जागेनुसार त्यातला 49 ते 98 टक्के झाडांत नव्हता, जमिनीत होता!

म्हणून 'इथली शंभर तोडू, तिकडे हजार लावू' हा हिशोब ऐकला की माझं डोकं फिरतं. झाडं मोजता, चिखल कोण मोजणार? खाजण खणून उपसलं की त्या गाळाला हवा लागते आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेला कार्बन वायू होऊन निघून जातो. तिकडच्या रोपट्यांखाली तसा गाळ साचायला आपल्या नातवंडांचं आयुष्यही पुरायचं नाही. बरं, रोपं लावायची तरी कुठे? उघडा चिखल दिसला की लाव तिवर, हेही चूक. तो उघडा चिखल फ्लेमिंगोंचं ताट आहे. गाळ साचून तिवरं पुढे सरकतात तसं ते ताट आपोआपच लहान होत चाललंय.

आता दुसरा वास. दिवागावच्या मावशी माझ्याकडे वर्षानुवर्षं मासळी घेऊन येतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "चिखलाचा वास येगला, गटाराचा येगला. तुमाला दोनी सारकंच लागतान." मला जे शिकवायला अख्खा तास लागतो, ते त्यांनी दारात उभ्या उभ्या उरकलं.

सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात. नायट्रेटच्या रूपातला थोडा नायट्रोजन गाळातले जिवाणू वायू करून हवेत परत पाठवतात, फुकटात. पण त्यालाही मर्यादा आहे. आपली खाडी मुंबई बंदराकडे रुंद आणि ठाण्याकडे चिंचोळी. वरच्या अंगाचं पाणी भरती-ओहोटीत मागेपुढे होत राहतं, समुद्रात लवकर जात नाही. मग शेवाळ माजतं, ते मरून कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि मासे गुदमरतात. गंमत म्हणजे फ्लेमिंगोंची छोटी जात (लेसर फ्लेमिंगो) ज्या नीलहरित शेवाळावर जगते, तेही याच पोषणावर फोफावतं. पलीकडचा किनारा 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये ठाणे खाडी जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. त्या गुलाबी फोटोंमध्ये आपल्या गटारांचाही वाटा आहे, पण फोटोखाली तसं कुणी लिहीत नाही.

आणि हे सगळं चालतं भरतीच्या पाण्यावर. 2024 मध्ये नेरुळच्या एका तलावात भरतीच्या पाण्याची वाट बंद झाली, तलाव सुकत गेला आणि फ्लेमिंगो मेले. एक झाडही तोडावं लागलं नाही.

हे सगळं जरा थोडक्यात ग्रुपवर टाकलं. बराच वेळ निळ्या टिका. मग एकच उत्तर, "म्हणजे मॅडम, वास जाणार नाही?"

गटाराचा जाईल, सांडपाणी नीट शुद्ध करूनच खाडीत सोडा म्हणून सगळे मिळून पाठीमागे लागलो तर. त्या अर्जावर पहिली सही माझी. चिखलाचा राहील. त्या वेळी मी खिडकी लावेन.