खरं खरं सांगा, सर

"अगदी खरं खरं सांगा हं, सर. मला वाईट नाही वाटणार."

हे वाक्य म्हणणाऱ्या एकाही विद्यार्थ्याला वाईट वाटल्यावाचून राहिल्याचं मी पाहिलेलं नाही. मी मराठी शिकवतो. त्यामुळे कुणाचा प्रेमभंग झाला, किंवा नुसता व्हावासा वाटला, तरी वही माझ्याच टेबलावर येते. परवाच्या वहीत २४ कडव्यांची कविता होती. शीर्षक 'मृत्यूचा महामार्ग'. कवीला नुकती मिसरूड फुटलेली.

मृत्यू ११ वेळा, काळोख ९ वेळा, वेदना ७ वेळा. पोटात गोळाच आला. दुसऱ्या दिवशी त्याला बाजूला घेतलं आणि जमेल तितक्या मऊ आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना रे?"

"मजेत आहेत सगळे. कविता कशी वाटली?"

मागच्या बाकावरून सगळ्यांत मोठ्यानं खिदळणारा तो हाच, हे मला आधीच आठवायला हवं होतं.

"वाचतोय अजून," मी म्हणालो. दोनदा वाचून झाली होती.

अशा वेळी आम्हा मास्तर लोकांची एक सांकेतिक भाषा असते. 'विषय वेगळा निवडलास' म्हणजे का निवडलास. 'प्रांजळ आहे' म्हणजे बाकी काही नाही. 'थोडी मुरू दे' म्हणजे मी निवृत्त होईपर्यंत. आणि अगदीच गळ्याशी आलं तर 'अक्षर छान आहे'. याचं अक्षरही छान नव्हतं.

मग मी छंदःशास्त्राच्या आडोशाला गेलो. कवितेखाली 'वृत्त : भुजंगप्रयात' असं लिहिलेलं पाहून हायसं वाटलं होतं. प्रतिभा मोजता येत नाही, अक्षरं तरी येतात. भुजंगप्रयातात चरणाला चार य गण, म्हणजे लघु-गुरु-गुरु चारदा, एकूण १२ अक्षरं. नावाचा अर्थच सापाची चाल. याचा साप कुठे ११ अक्षरांत अंग चोरत होता, तर कुठे १५ अक्षरांत शेपूट ओढत होता. लाल पेनानं मी त्याचा पार चिखल केला. खरं बोलण्याचं टाळायला ऱ्हस्वदीर्घासारखं दुसरं साधन नाही.

"पण हेच वृत्त का घेतलंस?"

"य गणाची खूण 'यमाचा' आहे ना, सर! चारदा यमाचा, यमाचा. विषयाला शोभतं."

इतकी वर्षं मी ती खूण घोकून घेतोय. तिचा असा उपयोग मला कधी सुचला नव्हता. क्षणभर त्याच्याबद्दल आदर वाटला. तेवढ्यात त्यानं विचारलं, "ते सगळं ठीक, सर. पण आवडली का?"

आता आडोसा संपला. पण एक गोष्ट खरंच सांगण्यासारखी होती. १७व्या कडव्यात, वेदनेच्या वादळात, एक ओळ चुकून शिरल्यासारखी उभी होती :

आजोबांच्या चष्म्यावर अजून त्यांच्या बोटाचा ठसा आहे.

वृत्तात बसत नव्हती. मृत्यू हा शब्द तिच्यात नव्हता, आणि अख्ख्या कवितेत फक्त तिथेच कुणीतरी खरोखर गेलं होतं. मी हे सगळं त्याला सांगितलं, अगदी कळवळून. उरलेली २३ कडवी काढून टाक, असंही म्हणून गेलो. म्हणजे खरं खरंच सांगितलं. त्याचा चेहरा पडला. मला लगेच 'प्रांजळ'ची आठवण झाली, पण उशीर झाला होता.

"ती ओळ होय?" तो म्हणाला. "ती मी काढणारच होतो. फारच साधी वाटत होती."

आठवड्यानं तो परत आला. कविता खरोखरच एका कडव्याची झाली होती! बाकी सगळं काढलंय, सर, तुमचं ऐकलं, असं तो उत्साहात सांगत होता. मी अधीरपणे वही उघडली.

'चिरंतन काळोखाच्या चष्म्यावरती मृत्यूच्या बोटांचा शाश्वत ठसा…'

पुढे वाचवेना. तो समोर उभा होता, श्वास रोखून.

"खरं खरं सांगा हं, सर."

मी वही जरा लांब धरली, मग जवळ धरली.

"अक्षर," मी म्हणालो, "बरंच सुधारलंय."