नायलॉनचा कॉस्च्युम घेतला का?

धुळ्याचा पारा सहा-सातावर उतरला की पेपरात शेकोटीचा फोटो येतो आणि घरात पोरांचा धोशा सुरू होतो, "पप्पा, आपण कुठंच जात नाही." नाताळची सुट्टी हातात जेमतेम आठवडाभर, तीही पोर सीबीएसईच्या शाळेत घातलं असेल तर. तेव्हा वेळ न घालवता रिसॉर्ट ठरवा. गेल्याच आठवड्यात डोंगराकडच्या एका 'फॅमिली रिसॉर्ट'ला सहकुटुंब जाऊन आल्यामुळे या विषयातला माझा अधिकार फार वाढला आहे. त्याचा लाभ साऱ्या खान्देशाला व्हावा म्हणून हे चार शब्द.

पहिलं म्हणजे, फोटो पाहूनच बुकिंग करा. फोटो ऑगस्टमधला असतो, डोंगर हिरवागार असतो, आणि तो ड्रोननं काढलेला असतो. एवढ्या उंचीवरून गच्चीवरच्या फुटक्या टाक्या, मागचा उकिरडा आणि शेजारचं पोल्ट्री फार्म दिसत नाही. खाली उतरल्यावर वास येतो, पण तोवर ॲडव्हान्स गेलेला असतो.

मुलांचं वय बिनधास्त सांगा. वेबसाइटवर 'किड्स स्टे फ्री' लिहिलेलं असतं; काउंटरवर कळतं की किड म्हणजे पाच वर्षांच्या आतलं. पाचच्या वर चाइल्ड रेट, बारा झाले की ॲडल्ट. आपली एसटीसुद्धा पाच ते बाराचं अर्धं तिकीट फाडते, पण त्या अर्ध्या तिकिटात निदान बसायला अख्खी जागा मिळते. इथे चाइल्ड रेट भरल्यावर आमच्या धाकटीला मिळाली एक गादी, सतरंजीपेक्षा जाड म्हणायची इतकीच. उशी मागितली तर म्हणे, "एक्स्ट्रा बेडमध्ये उशी इन्क्लुड नाही सर." मुलीला डोकं आहे, हे मी त्यांना सांगून पाहिलं.

गरम पाण्याची चौकशी करू नका. "सोलर आहे साहेब, ऊन आलं की तापेल," असं उत्तर येतं आणि ऊन चेक-आउटच्या वेळेला येतं. अगदीच हौस असेल तर चोपड्याकडच्या उनपदेवला जा. तिथला झरा कुठल्या मॅनेजरला न विचारता गरम वाहतो.

वायफाय आहे. रिसेप्शनच्या सोफ्यावर, डावीकडच्या टोकाला.

स्विमिंग पूल मात्र हवाच. पूल नसेल तर ते रिसॉर्ट कसलं? सकाळी अंगावरची गोधडी काढवत नाही अशा थंडीत पोरांनी निळ्या पाण्यात उडी मारायची, यालाच तर विंटर व्हेकेशन म्हणतात. 'हीटेड पूल' असं वेबसाइटवर होतं. मॅनेजरसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, "दुपारी ऊन पडतं ना." बरं. मग आला नायलॉन. नायलॉनच्या कॉस्च्युमशिवाय प्रवेश नाही. सुती कपड्याचे धागे फिल्टरमध्ये अडकतात, नियम योग्य आहे, माझी तक्रार नाही. पण हा नियम बुकिंगच्या वेळी सांगायचा नाही, फोनवर सांगायचा नाही, कन्फर्मेशनच्या मेसेजमध्येही नाही. पोरं चड्डीवर काठाशी नाचायला लागली, की मगच सांगायचा. आणि तिथून चार पावलांवर त्यांचंच दुकान. भाडं दीडशे, डिपॉझिट वेगळं, टोपीचे वेगळे, साइझ एकच. आम्हाला मिळालेला कॉस्च्युम आधीच्या पोराच्या अंगावरून नुकताच निघालेला होता. ओला. तस्साच. माय वं!

बेबी पूलही होता, नाही असं नाही. त्यात पाणी नव्हतं. सागाची पानं होती, एक चप्पल होती आणि तळाला हिरवं काहीतरी होतं. "सध्या मेंटेनन्स चालू आहे." मेंटेनन्स करणारा माणूस काही दिसला नाही. म्हणजे सगळी लेकरं मोठ्या पूलमध्ये. आणि त्या मोठ्या पूलच्या काठावर खोली लिहिलेली नाही. कुठेच नाही. तीन फूट कुठं संपतात आणि पाच फूट कुठं सुरू होतात, हे पोराच्या नाकातोंडात पाणी गेलं की आपण समजून घ्यायचं. लाइफगार्ड म्हणून ज्या दादांकडे बोट दाखवलं, ते चहाचा ट्रे घेऊन लॉनकडे निघाले होते. पोहता येतं का, असं विचारल्यावर बिचारे लाजले. त्यांचा काय दोष? त्यांना वेटर म्हणून ठेवलंय, आणि ते काम ते नीट करत होते. फलक मात्र भलामोठा, लाल अक्षरात: 'मुलांची जबाबदारी पालकांची. अपघात झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.' एवढा फलक रंगवायला रंग होता, काठावर '३ फूट' आणि '५ फूट' लिहायचं तेवढ्यात डबा संपला! अहो, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निष्काळजीपणा हा सेवेतल्या त्रुटीतच धरला आहे. फलक टांगला म्हणून हात झटकता येत नाहीत. पैसे घ्यायचे पोरांच्या नावानं, पूलचा फोटो टाकायचा पोरांना भुलवायला, आणि पोर बुडालं तर जबाबदारी पालकांची?

असो. मार्गदर्शन करायला बसलोय, चिडायला नाही.

जेवणाचं म्हणाल तर बुफेच घ्या. 'खान्देशी नाइट' असेल तर सोन्याहून पिवळं. शेवभाजीत शेव आधीच टाकून ठेवलेली असते, त्यामुळे तुमच्या ताटात येईपर्यंत तिचा लगदा होतो आणि लहान मुलांना चावायचा त्रास पडत नाही. भरीत थंडगार, वर कोथिंबीर. पोरांसाठी वेगळा कोपरा, त्यात नूडल्स आणि फ्रेंच फ्राइज, तेही नऊपर्यंतच. आपल्याकडे थंडीत भरीत पार्टी व्हायची, म्हणजे अजूनही होते: मळ्यात कपाशीच्या काड्यांवर बामणोदची वांगी भाजायची, कळण्याची पुरी, कांद्याची पात, आणि पोरं दिवसभर बांधावर हुंदडायची. तिथं मनगटाला कागदी पट्टा बांधत नाहीत, म्हणून तिला व्हेकेशन म्हणता येत नाही.

रात्रीच्या शांततेबद्दल एकच प्रश्न फोनवर विचारून ठेवा: त्या दिवशी डीलर मीट आहे का? आमच्या वाट्याला खत-बियाण्यांच्या कुठल्याशा कंपनीचे डीलर आले. लॉनवर डीजे, खिडकीच्या काचा थरथरतायत, धाकटी कानांवर हात ठेवून झोपायचा प्रयत्न करतेय. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा नियम सन २००० पासून आहे. मॅनेजरना आठवण करून दिली. "सर, त्यांनी पूर्ण लॉन बुक केलंय." लॉन केलं असेल, आमचे कान कोणी बुक केले?

किड्स झोनमध्ये घसरगुंडी आहे. तिच्या टोकाला खिळा आहे.

बिल वाचू नका, नुसतं भरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. रिसॉर्टवाल्यांनीही वाचलं आणि भाडं तेवढंच वर चढवलं, हिशोब बरोबर. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ लाच सांगितलं. हॉटेलवाले कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. आमच्या बिलात दहा टक्के होतेच. काढा म्हटलं, तर "सिस्टीममध्येच आहे सर." सिस्टीम कोणी बसवली, दत्त महाराजांनी?

आणि शेवटी, निघताना फाइव्ह स्टार द्यायला विसरू नका. काउंटरवरचा पोरगा क्यूआर कोड पुढे करतो, बरोबर दोन चॉकलेटं देतो, आपण हसतो आणि लिहितो, 'अमेझिंग स्टे, मस्ट व्हिजिट विथ किड्स.'

आता सरळच बोलतो. मी जायच्या आधी असे ढीगभर रिव्ह्यू वाचले होते. त्या लिहिणाऱ्यांची पोरं त्याच पूलमध्ये उतरली होती ना? त्यांना तो कोरडा बेबी पूल दिसला नाही? एकानं, फक्त एकानं लिहिलं असतं की काठावर खोली लिहिलेली नाही, तर पुढच्या कुणी पोराला तिथं सोडलंच नसतं. तुम्ही दोन चॉकलेटांत गप्प बसता, मग मालकानं रंगाचा डबा कशाला आणावा?

आणि मालक, तुम्हालाही सांगतो. खान्देशातला माणूस वर्षभर पै-पै जमवतो आणि पोरांना एकदा कुठंतरी नेतो. तो तुमच्याकडे राजवाडा मागत नाही. अंघोळीला गरम पाणी द्या. चाइल्ड रेट घेता, तर उशी द्या. पूलशी पोहता येणारा एक माणूस उभा करा, आणि त्याच्या हातात ट्रे देऊ नका. काठावर खोली लिहा, आजच लिहा, पाच मिनिटांचं काम आहे. हे जमत नसेल तर पाटीवरचा 'फॅमिली' शब्द पुसा आणि नुसतं 'डीलर मीटसाठी लॉन भाड्यानं मिळेल' असं लिहा, आमची हरकत नाही.

आणि बिल हातात धरून काउंटरवर गप्प उभ्या असलेल्या माझ्या बंधूंनो, भगिनींनो, १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. फुकट आहे. तिथंच, मॅनेजरसमोर उभं राहून लावा.