गाडी लॉक करताय? चोराचाही थोडा विचार करा

गाडी पार्क केली की रिमोट दोनदा दाबायचा, टुकटुक वाजलं की चार पावलं जायचं, मग परत मागे येऊन हँडल ओढून बघायचं, आणि मग निवांत मनाने भजी खायला निघायचं. आपल्याकडे गाडीची काळजी घेणं म्हणतात ते हेच. आणि गाडीच्या आत काय? मागच्या सीटवर काळी लॅपटॉपची बॅग, पुढे बायकोची पर्स, कप होल्डरमध्ये टोलसाठी ठेवलेल्या नोटा, हे सगळं अंगठ्याच्या नखाने वाजवली तर टणटण वाजेल अशा काचेमागे छान मांडून ठेवलेलं. सराफसुद्धा रात्री शोकेसमधला माल काढून तिजोरीत टाकतो हो, पण आपलं मन मोठं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की चोराचे हाल करायचेच नसतील तर नीट ठरवून मदत करा, अर्धवट नको.

सगळ्यात पहिलं म्हणजे सामान डिकीत हलवायचं ते घरून निघताना अजिबात नाही, जिथे गाडी लावायची तिथे पोचल्यावरच. सगळ्यांनी खाली उतरायचं, मोठ्याने "अगं ती लॅपटॉपची बॅग मागे टाक, वर राहू देऊ नकोस" असं ओरडायचं, डिकी पूर्ण उघडायची, बॅगेवर एक जुना टॉवेल पसरायचा आणि आजूबाजूला कोणी बघत नाही ना हे सगळ्यांना दिसेल असं मान वळवून बघायचं. समोर बाईकवर टेकून गुटखा चघळणाऱ्या माणसाला आता कुठली काच फोडायची आणि आत हात घालून कुठलं बटण दाबायचं याचा विचार करावा लागत नाही, बिचाऱ्याचा वेळ वाचतो.

काचेचं म्हणाल तर कायदापण त्याच्याच सोयीचा झालाय. २०१२ साली सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्म काढायला लावल्या, नियमात बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के उजेड आत गेला पाहिजे असं आहे. कारण योग्यच होतं, काळ्या काचांमागे काय काय चालायचं ते सगळ्यांना माहितीये. पण त्यामुळे आपल्या बॅगेवरचा कंपनीचा लोगो फुटपाथवरून वाचता येतो हेही खरं. शिवाय पुढची मोठी काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा, फुटली तरी जाळं होऊन जागेवर राहते. बाजूची काच मात्र टफन केलेली, एकदा फुटली की खडीसाखरेसारखे दाणे होऊन खाली, हात आत घालायला मोकळा. गलोल आणि एक छर्रा, बास. आवाजसुद्धा फटाक्याएवढा होत नाही, आणि झाला तरी आपल्याकडे फटाका वाजला म्हणून कोण वळून बघतंय.

जागा निवडताना लग्नाचं मंगल कार्यालय उत्तम. पुण्यात म्हात्रे पुलापासून डीपी रोडला लागलात की एका ओळीत लॉन्स आहेत, मुहूर्त कितीचा ते पत्रिकेत छापलेलं असतं, जेवणाची वेळ सगळ्या पुण्याला पाठ, म्हणजे गाडीकडे कोणी किती वेळ फिरकणार नाही याचं टाइमटेबल आपणच छापून वाटलेलं. वर आहेराचं पाकीट विसरू नये म्हणून ग्लोव्ह बॉक्समध्ये. आणि वॉचमन आहे म्हणता? तो वर्‍हाडाच्या बसला रिव्हर्स घ्यायला मदत करतोय, "येऊ द्या, येऊ द्या".

हॉटेलात गाडी लावून देणाऱ्या माणसाला, म्हणजे व्हॅलेटला, किल्ली देत असाल तर पावतीच्या मागे काय छापलंय ते वाचू नका, उगाच भूक मरते. "मालकाच्या जबाबदारीवर" असं असतं तिथे. दिल्लीतल्या एका बड्या हॉटेलात १९९८ साली व्हॅलेटकडे दिलेली मारुती झेन चोरीला गेली, त्यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आला नोव्हेंबर २०१९ मध्ये, की ताब्यात घेतलेल्या गाडीची काळजी घेतली नाही तर नुसतं असं छापून हॉटेलला हात झटकता येणार नाहीत. एकवीस वर्षं फक्त! म्हणजे पावती जपून ठेवा, नातवाच्या कामाला येईल.

आता आमचंच सांगतो. दोन पावसाळ्यांपूर्वी रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीला गेलो. मक्याचं कणीस, कांदाभजी, चहा, धरणाकडे तोंड करून पाऊण तास. परत आलो तर मागची डावी काच नाही, सीटवर, चटईवर, दाराच्या खाचेत सगळीकडे दाणेच दाणे, आणि मागे ठेवलेली काळी बॅग गायब. बॅग लॅपटॉपचीच होती पण त्यात लॅपटॉप नव्हता, येताना टेलरकडून उचललेले बायकोचे चार ब्लाउज होते, भाच्याच्या लग्नासाठी शिवलेले, एकाला मागे नॉट आणि लटकन. मी म्हणालो, चला, लॅपटॉप नव्हता हे नशीब. हे वाक्य पावसात, फुटलेल्या काचेशेजारी उभं राहून कधीही बोलू नका. "लॅपटॉप कंपनीने दुसरा दिला असता," ती म्हणाली, "लग्न परवावर आलंय, ब्लाउज कोण देणार?" घरी येईपर्यंत मग गाडीत फक्त वाऱ्याचा आवाज, म्हणजे तो तसाही येतच होता.

डॅशबोर्डवरचा बाप्पा आणि आरशाखालची लिंबू-मिरची दोन्ही शाबूत होतं बरं का.

पोलीस स्टेशनला गेलो, नाव नको. पहिला प्रश्न, हद्द कुठली? गाडी रस्त्याच्या या बाजूला होती का त्या? मग तिथल्या साहेबांनी फार प्रेमाने समजावलं की "चोरी लिहिलं की कोर्टकचेरी लागते, तुम्ही गहाळ लिहा ना." आता काच फोडून ब्लाउज आपणहून गहाळ कसे होतील हे मला सुचेना. खरं तर १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे आलेत, त्यातल्या एकात हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावी लागते, ऑनलाइन कळवलंत तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. हे तिथे बोलून दाखवायची हौस असेल तर दाखवा, आधी चहा पिऊन घ्या मात्र, वेळ लागतो. त्याच्या जोडीने आलेल्या दुसऱ्या कायद्यात आणखी एक गंमत आहे, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला, माल पाच हजारांच्या आतला निघाला आणि तो त्याने परत केला तर शिक्षा म्हणजे समाजसेवा. हे मी घरी सांगितल्यावर बायको म्हणाली त्याला ब्लाउज शिवायला बसवा.

इन्शुरन्सचा क्लेम हा तर आनंदाचाच भाग. गाडीची काच पॉलिसीत बसते, गाडीतलं सामान बसत नाही, त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं आणि ते घेतलं तरी रोख रक्कम आणि दागिने सहसा त्यात नसतातच. काच बसवायचा खर्च आला २,८०० रुपये. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले हजार आपल्या खिशातले, राहिले अठराशे, आणि ते घेतले की पाच वर्षं सांभाळून ५० टक्क्यांपर्यंत नेलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर. मग मी अठराशे रुपयांचा मोह सोडला आणि स्वतःच्या पैशाने काच टाकली. दरवर्षी हप्ता भरायचा आणि गरज पडली की मागायचं नाही, त्याला इन्शुरन्स म्हणतात हे मला तेव्हा कळलं.

आरसी बुकची ओरिजिनल गाडीतच ठेवा हे सांगायला विसरलो. डिजिलॉकरमध्ये दाखवलेली चालते हे माहीत असूनही ठेवा. बॅगेबरोबर ती गेली की फॉर्म २६ भरून डुप्लिकेट काढायला आरटीओत जाता येतं, तेवढाच बाहेर वेळ जातो.

तुम्ही म्हणाल आम्ही शहाणे आहोत, गाडीत काहीच ठेवत नाही. ठीक आहे. मग बाहेरचं नेतात. मारुती ईको असेल तर सकाळी गाडी चालू केल्यावर ट्रॅक्टरसारखा आवाज आला तर घाबरू नका, सायलेन्सर गेलेला असतो. त्यातल्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्या धातूंची माती असते आणि तिला भाव आहे. म्हणजे मंगळसूत्र लॉकरमध्ये आणि प्लॅटिनम रात्रभर रस्त्यावर, उघड्या गटाराशेजारी.

आणि हो, चालत्या गाडीत पण सेवा मिळते. सिग्नलला कोणीतरी काच ठोकून सांगतं, काका, बॉनेटमधून ऑइल गळतंय, किंवा खाली दहा दहाच्या नोटा पडल्यात, तुमच्या आहेत का? आपण खाली उतरून वाकतो, पलीकडचं दार उघडून दुसरा आपली बॅग उचलतो. वीस-तीस रुपयांची गुंतवणूक असते त्यांची, एवढा परतावा म्युच्युअल फंडात नाही. सेंट्रल लॉक चालू ठेवून खाली न उतरणं हा त्यावर उपाय आहे, पण माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

काचेचे दाणे मात्र अजून निघतात. दोनदा व्हॅक्यूम मारला तरी परवा ब्रेक दाबला आणि सीटच्या रुळाखालून एक घरंगळत पायाशी आला.

मागच्या महिन्यात परत खडकवासल्याला गेलो. यावेळी गाडी पूर्ण रिकामी, ग्लोव्ह बॉक्सचं झाकणसुद्धा मुद्दाम उघडं ठेवलेलं. कणीसवाल्याने कोळसा फुंकता फुंकता एकदा माझ्याकडे, एकदा गाडीकडे बघितलं, लिंबावर तिखट-मीठ लावलं आणि म्हणाला, "साहेब, काच नवीन टाकली वाटतं?"